भूमध्य समुद्रावरचे पाच बीच फोटो पाहून काढलेत, यातले खरंच जमतील असे कुठले?

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, शाळा उघडायच्या आत, दहा रात्रींची सहल ठरवते आहे. एप्रिल छाटणी उरकलेली असते आणि ऑक्टोबर छाटणी लांब असते, त्यामुळे पिंपळगावची बाग सोडून निघायला आम्हाला हीच वेळ. बसमधून पाच देश, म्युझियमं, असलं काही नको. एक समुद्र, फार तर दोन मुक्काम आणि रोज पाणी.

माणसं चार. आम्ही दोघं, मुलगा ११ वर्षांचा (पोहतो, पण तरण तलावात) आणि सासूबाई, वय ६७. त्यांचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालतात, पायऱ्या मात्र नकोत. त्या शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही.

फोटो बघून काढलेली यादी अशी: ग्रीसमधला, वाळूत जहाज रुतलेला नवाजिओ, क्रीटचा एलाफोनिसी, इटलीच्या सार्डिनिया बेटाचा काला गोलोरित्झे आणि तिथलाच बुडेली बेटावरचा गुलाबी बीच, क्रोएशियाचा झ्लात्नी रात.

यातले कुठले दोन जोडता येतील? जूनमध्ये पाणी गार असतं का? आणि उत्पन्न सगळं शेतीचं असेल तर व्हिसाला अडचण येते का?

खारवारा
ताई, यादी देखणी आहे, पण पाचातले दोन आधी खोडा. तिथे वाळूवर पायच ठेवता येत नाही.

नवाजिओ झाकिन्थोस बेटावर आहे. ते जहाज १९८० मध्ये रुतलं. मागे चुनखडीचा उभा कडा आहे आणि तो ठिसूळ आहे. २०१८ मध्ये कड्याचा मोठा तुकडा खाली येऊन लोक जखमी झाले होते. गेली काही वर्षं उतरायला बंदी आहे. बोटी लांब थांबतात, फोटो काढू देतात आणि वळतात. वाळूवर माणसं लोळताना दिसतात ते सगळे जुने फोटो, आणि एजंट लोक तेच फोटो अजून वापरतात.

बुडेलीचा गुलाबी बीच १९९० च्या दशकापासून बंद आहे. लाल कवचाचे सूक्ष्म जीव समुद्री गवतात राहतात, त्यांच्या कवचांचा चुरा वाळूत मिसळून तो रंग येतो. लोक बाटल्या भरभरून वाळू न्यायला लागले, म्हणून कुलूप. आता बोटीतून लांबून बघायचा. एकूणच सार्डिनियातून वाळू, गोटे, शंख उचलून नेल्यास ५०० ते ३,००० युरो दंड आहे आणि परतताना विमानतळावर बॅगेत सापडल्याची उदाहरणं भरपूर. मुलाला आधीच बजावून ठेवा.

काला गोलोरित्झे उघडा आहे, पण तुमच्यासाठी नाही. गोल्गोच्या पठारावरून साडेतीन किलोमीटर खडकाळ पायवाट, उतार साडेचारशे मीटरच्या वर. उतरायला तासभर, चढायला त्याहून बराच जास्त, वाटेत पाणी नाही. बोटींना किनाऱ्याला लागू देत नाहीत. दिवसाला २५० माणसं, तीही आधी नोंदणी करून आणि पैसे भरून. खालच्या गोट्यांवर सावली नावापुरती. सासूबाईंना वर बसवून ठेवणार असाल तरच.

उरले एलाफोनिसी आणि झ्लात्नी रात. दोन्ही चांगले, पण एक क्रीटच्या नैर्ऋत्य टोकाला आणि दुसरा क्रोएशियाच्या ब्राच बेटावर. मधे दोन विमानं आणि एक फेरी. दहा रात्रींत असले दोन जोडले तर दोन अख्खे दिवस बॅगा ओढण्यात जातात. एक देश, दोन मुक्काम, यापुढे जाऊ नका.

नितळ
गार पाण्याबद्दल. उत्तर हो असं आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक लोक इथेच फसतात.

समुद्र हवेच्या मागून तापतो. जूनच्या सुरुवातीला हवा २७-२८ अंश असते, पाणी मात्र वसंतातच अडकलेलं असतं. पहिल्या आठवड्यात क्रीटला २१-२२ अंश, नॅक्सॉस-पारोस या ग्रीक बेटांकडे २१ च्या आसपास, सार्डिनिया आणि क्रोएशियाच्या स्प्लिटकडे २०-२१. पूर्वेला सायप्रस आणि तुर्कस्तानच्या अंतल्या किनाऱ्याला २३ च्या पुढेमागे. कोकणात मे महिन्यात समुद्र २९-३० अंश असतो, आपल्या अंगाला तीच सवय. २१ अंशांत मोठा माणूस दोन मिनिटं कुरकुरतो आणि रुळतो. अकरा वर्षांचं बारीक पोर मात्र वीस मिनिटांत निळ्या ओठांनी बाहेर येतं, आणि तासाभराने पुन्हा आत जायला तयार नसतं.

उपाय दोन. पहिला, मुलासाठी २ मिमी जाडीचा आखूड बाह्यांचा वेटसूट. याला तिथे शॉर्टी म्हणतात, स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतो. अंगाला घट्टच हवा. सैल घेतला तर आतलं पाणी सारखं बदलतं आणि उपयोग शून्य. दुसरा, उथळ बीच निवडायचा. गुडघाभर पाण्याच्या खाजणात दुपारी तीन-साडेतीनपर्यंत पाणी उघड्या समुद्रापेक्षा दोन-तीन अंशांनी सहज चढलेलं असतं. जूनमध्ये सूर्यास्त साडेआठच्या पुढे. त्यामुळे साडेतीन ते साडेसात हीच तुमची खरी वेळ. सकाळी दहाला घाईने जाऊन गार पाणी आणि डोक्यावर चढतं ऊन, दोन्ही कशाला घ्यायचं?

भरती-ओहोटीचं गणित विसरा. मुंबईला उधाणाच्या दिवसांत समुद्र चार मीटरच्या वर चढतो-उतरतो, भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी वीतभर-दीड वीत. महासागराशी जोडणारं जिब्राल्टरचं दार जेमतेम १४ किलोमीटर रुंद, तिथून भरतीची लाट आत येतच नाही. परिणाम असा की किनारा सकाळी जेवढा रुंद तेवढाच संध्याकाळी. अरुंद बीचवर अकरा वाजता जागा संपली की संपली, ओहोटीने मोकळी होत नाही.

भरतीच्या जागी तिथे वारा बघायचा. एजियन समुद्रात, म्हणजे सांतोरिनी, नॅक्सॉस, मिकोनोस या पट्ट्यात, जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी सुटतो. आकाश निरभ्र आणि वारा ताशी ५०-६० किलोमीटर, तीन-चार दिवस सलग. वाळू पायाला सुयांसारखी टोचते, छत्र्या उडतात, जलद बोटी रद्द होतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हा त्रास बराच कमी. गार पाण्याच्या बदल्यात तुम्हाला हा फायदा मिळतोय, तेव्हा महिना बदलू नका.

(सर्वात उत्तम महिना सप्टेंबर. पाणी तापलेलं, गर्दी ओसरलेली. पण शाळा, गणपती, आणि २०२७ चं म्हणाल तर ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची स्नानं. त्या गर्दीतून विमानतळ गाठायची कल्पनाच नको.)

दर्यावर्दी
क्रोएशियाची बाजू कुणीतरी मांडायला हवी. झ्लात्नी रातवर पाणी काचेसारखं असतं, कारण तिथे वाळू नाही, गोटे आहेत. लाट आली तरी गढूळ व्हायला बारीक गाळच नाही. मागे पाइनची झाडी थेट काठापर्यंत, म्हणजे सावली फुकट. बोल गावातून सपाट, झाडांची दोन किलोमीटरची पायवाट. स्प्लिटहून सुपेतारला मोठी फेरी ५० मिनिटांत जाते, पुढे बसने बोल. उन्हाळ्यात स्प्लिट-बोल थेट कॅटामरानही असते. त्या टोकाचं शेपूट वारा आणि प्रवाहाप्रमाणे कधी डावीकडे वळतं, कधी उजवीकडे. फोटोतला आकार तुम्हाला दिसेलच असं नाही, आणि तीच गंमत आहे.

खारवारा
दर्यावर्दी, पाणी नितळ हे मान्य. पण गोट्यांचा किनारा या चौघांना का नको ते सांगतो.

वाळूवर लाट चढते आणि परत वाहत जाताना वाळू खाली ओढून नेते, म्हणून उतार सपाट होतो. गोट्यांमध्ये चढलेलं पाणी फटींतून खाली मुरतं, परतीच्या पाण्यात जोर उरत नाही, गोटे वरच साठतात. म्हणून गोट्यांचा बीच नेहमी तीव्र उताराचा. चार पावलांत पाणी कमरेला, सातव्या पावलाला मुलाच्या डोक्यावर. ज्यांना पोहता येतं त्यांना झकास. ज्यांना पाण्यात नुसतं उभं राहायचंय, आणि तेही दुखऱ्या गुडघ्यांनी, त्यांना पायाखालून सरकणारे गोटे म्हणजे शिक्षा. बाहेर येताना तर हात धरायला माणूस लागतोच.

शिवाय खडकाळ तळाला काळे काटेरी गोळे असतात, सी-अर्चिन. पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट नसतील तर काटे तळव्यात मोडतात आणि उरलेली सहल चिमट्याच्या संगतीत जाते.

द्राक्षवेल
तुम्हा सगळ्यांचे आभार. डोळे उघडले! म्हणजे वाळू, उथळ पाणी, कमी चालणं आणि ग्रीस किंवा सार्डिनिया, असं समजू का? सार्डिनियात ला पेलोसा नावाचा एक दिसतो, तो कसा? आणि कुठलाही बीच घरबसल्या तपासायचा कसा? रिव्ह्यूंमध्ये सगळेच "स्वर्ग" लिहितात.

नितळ
ला पेलोसा तुमच्या निकषात चपखल बसतो: पांढरी वाळू, लांबवर कमरेएवढं पाणी, रस्ता जवळ. पण उन्हाळ्यात दिवसाला १,५०० माणसांची मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी, माणशी साडेतीन युरो. टॉवेल थेट वाळूवर टाकायला मनाई, खाली चटई हवी. ओल्या टॉवेलला चिकटून वाळू बाहेर जाते म्हणून. आपली साधी प्लास्टिकची चटई, घडी करून बॅगेत, काम झालं. अडचण इतकीच की तो बेटाच्या वायव्य टोकाला, स्टिंटिनोला आहे, आणि गाडीशिवाय सार्डिनिया म्हणजे बसची वाट बघणं.

आता घरबसल्या तपासणी. वीस मिनिटांचं काम आहे.

सॅटेलाइट नकाशा उघडा आणि पाण्याचा रंग वाचा. फिकट निळा-हिरवा सलग पट्टा म्हणजे वाळूचा तळ. हा पट्टा जितका रुंद तितका उतार कमी. काठाला लागूनच गडद निळं असेल तर पाणी लगेच खोल. मधे काळसर ठिगळं दिसली तर तो खडक किंवा पोसिडोनिया, म्हणजे समुद्री गवत. हे गवत असणं चांगलं लक्षण आहे, पाणी स्वच्छ असल्याशिवाय ते वाढत नाही. पण त्याची वाळलेली तपकिरी पानं वाऱ्याने किनाऱ्यावर येऊन ढीग लागतात, कधी गुडघाभर, आणि वास मारतात. रिव्ह्यूमध्ये कुणी "घाणेरडा बीच, कचरा" लिहिलं असेल तर निम्म्या वेळा तो हा पाला असतो. तो लाटांचा मार अंगावर घेऊन वाळू वाचवतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी मुद्दाम उचलत नाहीत. शंभर पावलं पुढे गेलं की बहुधा मोकळी वाळू मिळते.

मग नकाशावरची मोजपट्टी घेऊन पार्किंग किंवा बसथांब्यापासून पाण्याच्या कडेपर्यंत अंतर मोजा. ३०० मीटरच्या वर असेल तर त्यातलं किती मऊ वाळूतून ते पाहा. मऊ वाळूतले १०० मीटर गुडघ्यांना डांबरी रस्त्यावरच्या ३०० मीटरइतके जड जातात. समोरून टेकडीची दाट सावली पडलेली दिसली, रस्ता वर आणि बीच खाली असला, तर पायऱ्या धरूनच चाला.

मग बीचचं तोंड कुठल्या दिशेला ते बघा आणि वाऱ्याच्या अॅपवर त्या आठवड्याचा वारा. शेवटी रिव्ह्यू, पण "सर्वात नवे" लावून आणि फक्त जूनचे. ऑगस्टमधल्या माणसाच्या तक्रारी तुमच्या कामाच्या नाहीत.

ग्रीससाठी आणखी एक चाळणी आहे. तिथे सीट्रॅक नावाची सोय देशभर अनेक बीचवर बसवलेली आहे: रुळावरून पाण्यात सरकणारी खुर्ची, सौरऊर्जेवर चालणारी, रिमोटने माणूस स्वतःच आत-बाहेर करू शकतो. सासूबाईंना ती लागेलच असं नाही. पण जिथे ती आहे तिथे लाकडी वाट, रॅम्प आणि जवळ पार्किंग असायची शक्यता फार जास्त. तिची यादी ऑनलाइन आहे, त्यातून बीच निवडायला सुरुवात केली तर निम्मं काम होतं.

खारवारा
माझं मत विचाराल तर नॅक्सॉस. सात रात्री एकाच हॉटेलात, आणि परतीच्या आधी दोन अथेन्समध्ये. दहावी रात्र विमानातच जाते.

नॅक्सॉसच्या मुख्य गावाला खोरा म्हणतात. गावाला खेटूनच आगिओस गिओर्गिओस बीच: उत्तरेकडचा भाग उथळ आणि आडोशाला, पाठीमागेच हॉटेलं आणि खानावळी. हॉटेल नीट निवडलं तर खोलीपासून पाणी दोन-तीनशे मीटर, सगळं सपाट. त्याच बीचचं दक्षिण टोक मात्र विंडसर्फिंगवाल्यांचं, तिकडे जाऊ नका. रोज तेच नको वाटलं तर खोराहून बसने आगिओस प्रोकोपिओस, आगिया आना, प्लाका, ही एकामागून एक वाळूची रांग. बस अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते. प्रोकोपिओसचं पाणी सर्वात सुंदर, पण वाळू जाडसर आणि उतार जरा जास्त. मुलगा आणि त्याचे बाबा तिथे, सासूबाई आणि तुम्ही आगिया आनाला, असंही जमतं.

अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मोठं जहाज पाच-साडेपाच तास घेतं, जलद बोट पावणेचारच्या आसपास. सासूबाईंसाठी मोठं जहाज घ्या. डोलत कमी, स्वस्त, उठून फिरता येतं, आणि वारा वाढला तर आधी रद्द होतात त्या जलद बोटी. अथेन्स विमानतळावरून पिरेयसला मेट्रो थेट जाते, एक्स ९६ क्रमांकाची बसही. राफिना बंदर विमानतळाला जवळ, तिथूनही बोटी सुटतात, वेळ जुळली तर तेच बरं. पिरेयस बंदर मोठं आहे, तिकिटावर गेट क्रमांक बघून तिथेच टॅक्सी सोडायला सांगा. चुकीच्या गेटवर उतरलात तर बॅगा घेऊन किलोमीटरभर चाल.

आणि बेटावरची बोट आणि मुंबईचं विमान एकाच दिवशी कधीच ठेवू नका. वाऱ्यामुळे बंदराने सुटायला मनाई केली तर बोटवाला तिकीट बदलून देईल, विमान कंपनी देणार नाही. अथेन्सच्या दोन रात्री त्यासाठीच.

एलाफोनिसी सोडवत नसेल तर मग फक्त क्रीट करा. अथेन्सहून हानियाला विमान तासाभराच्या आत. मुक्काम हानियाला, नेआ खोरा बीचजवळ. वाळू, उथळ, चालत. तिथून एलाफोनिसी ७५ किलोमीटर, पण वळणांचा घाट आणि मधे एकेरी बोगदा, पावणेदोन तास धरा. सकाळी साडेनऊच्या आत पोहोचा नाहीतर चारनंतर जा. मधल्या वेळात टूरबसेसची जत्रा असते. बीच आणि समोरचं बेट यांच्यामधे गुडघा ते मांडीभर पाणी, सासूबाईसुद्धा चालत पलीकडे जातील. गुलाबीपणा मात्र पाण्याच्या कडेला पट्ट्यासारखा, कधी ठळक, कधी पुसट. अख्खी वाळू गुलाबी दिसते ती फोटोच्या एडिटिंगमध्ये. वाळू इथेही उचलायची नाही.

क्रीटमध्ये एक सापळा: उत्तरेचा वारा आहे तर दक्षिण किनारा शांत असेल, असं वाटतं. पण डोंगरांच्या घळींतून तोच वारा खाली कोसळतो, आणि दक्षिणेच्या प्लाकियासला उलट जास्त झोडपतो.

खुर्च्यांचं विचारलं नाहीत, पण सांगतो. दोन खुर्च्या आणि एक छत्री साधारण १५ ते ४० युरो, पहिल्या रांगेत जास्त. काही ठिकाणी तेवढ्याचं खाणंपिणं घेतलं की खुर्ची फुकट, बसायच्या आधी विचारा. ग्रीसमध्ये २०२४ च्या कायद्याने बीचचा किमान अर्धा भाग खुर्च्यांविना मोकळा ठेवावा लागतो आणि पाण्यापासून चार मीटर सोडावे लागतात. स्वतःची चटई टाकली तर कुणी उठवू शकत नाही. हॉटेलात पोहोचल्यावर खोलीमागे दर रात्री वेगळा सरकारी कर द्यावा लागतो, उन्हाळ्यात २ ते १५ युरो, हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे. तो ऑनलाइन भाड्यात बहुधा धरलेला नसतो.

पेठरोड
व्हिसा. शेतीचं उत्पन्न हा अडथळा नाही, कागद नसणं हा अडथळा. व्हिसा अधिकाऱ्याला द्राक्षबाग म्हणजे काय ते माहीत नाही, त्याला खात्यात येणारे पैसे आणि परत यायचं कारण दिसायला हवं.

लावायचं ते असं: चालू सातबारा आणि ८ अ, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून. निर्यातदाराची किंवा व्यापाऱ्याची बिलं, आणि तीच रक्कम बँकेच्या सहा महिन्यांच्या उताऱ्यात ज्या ओळीत जमा झाली तिथे खूण. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी-एप्रिलमध्ये एकदम येतात आणि मग महिनोन्महिने खर्चच. हे सोबतच्या पत्रात दोन ओळींत समजावून सांगा, नाहीतर "अचानक मोठी रक्कम" असा अर्थ निघतो. शेती उत्पन्न करमुक्त असलं तरी ते दाखवून रिटर्न भरत असाल तर तीन वर्षांची लावा. सासूबाईंचा खर्च कोण करणार त्याचं पत्र आणि नात्याचा पुरावा. मुलाचा जन्मदाखला.

अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस. प्रत्यक्षात जूनसाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच मुंबईची अपॉइंटमेंट धरा, एप्रिलमध्ये स्लॉट दिसत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५. मुलाचा बारावा वाढदिवस कधी आहे ते बघून घ्या! केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोचा, पूर्ण मुदतीचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू आणि दहा वर्षांच्या आत काढलेला. अर्ज त्या देशाकडे जिथे सर्वात जास्त रात्री.

क्रीटला गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना लागेल. आपल्या पेठ रोडच्या आरटीओत, फॉर्म ४ ए, फी १,००० रुपये, एक वर्ष चालतो. अर्ज सारथी पोर्टलवरून. मूळ लायसन्सही सोबत न्या, नुसता परवाना चालत नाही. गाडी उजवीकडून चालवायची, गिअर उजव्या हाताला. ऑटोमॅटिक गाड्या बेटांवर मोजक्या, आधी धरून ठेवा.

मुंबई विमानतळासाठी समृद्धीवरून इगतपुरी ते आमणे घाट टळतो, पण आमणेनंतर भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. दारातून निघाल्यापासून पाच तास धरा.

मुगाची_खिचडी
सासूबाईंच्या जेवणासाठी एकच शब्द पाठ करा: नीस्तिसिमो. म्हणजे उपासाचं. ग्रीक ऑर्थोडॉक्स उपासाला मांस, अंडं, दूध काही चालत नाही, त्यामुळे "व्हेजिटेरियन" पेक्षा हा शब्द खानावळीतल्या आजीबाईला नेमका कळतो. फक्त लक्षात ठेवा, त्यांच्या उपासाला ऑक्टोपस, कोळंबी, शिंपले चालतात. तेव्हा पुढे "थालासिना ओही" जोडायचं, म्हणजे समुद्रातलं नको.

मागवायचं काय? फावा: पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. लिंबू पिळलं की सासूबाईंना परकं वाटणार नाही. गिगांतेस: टोमॅटोत शिजवलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया. ब्रियाम: भाज्यांची भट्टीतली मिसळण. येमिस्ता म्हणजे भाताने भरलेल्या ढोबळ्या आणि टोमॅटो. यात कधी खिमा असतो, म्हणून "ओर्फाना" आहे का विचारायचं, म्हणजे बिनखिम्याची. नॅक्सॉसचे बटाटे ग्रीसभर प्रसिद्ध आहेत, तळलेले मिळतात. पालक किंवा चीजच्या पाईत अंडं असू शकतं, ते टाळा. चीजमध्ये बहुतेक वेळा वासराच्या पोटातलं रेनेट असतं, कडक पाळत असतील तर हेही सांगून ठेवा.

तिखट नसतंच. लसणाची चटणी डबीत न्या.

द्राक्षवेल
नॅक्सॉस ठरलं, एलाफोनिसी पुढच्या वेळी. एकच शेवटचं: मुलासाठी हवा भरायची मोठी फ्लेमिंगो घेतली आहे, ती न्यावी का? आणि जेलीफिशचं काय करायचं?

नितळ
फ्लेमिंगो घरी ठेवा. आडोशाचा बीच म्हणजे वारा जमिनीकडून समुद्राकडे. काठाजवळ लाट नाही म्हणून पाणी शांत दिसतं, पण शंभर मीटर आत वारा पूर्ण जोरात असतो. हवेची वस्तू शिडासारखी वारा धरते. मूल वर बसलेलं असताना ती माणूस पोहेल त्याहून वेगाने बाहेर जाते, आणि मूल उतरायला घाबरतं. पोहता येणाऱ्यांचेही अपघात असेच होतात. न्यायचंच असेल तर दोरी बांधून, दोरीचं टोक मोठ्या माणसाच्या हातात. नाहीतर मास्क आणि स्नॉर्केल द्या, नॅक्सॉसला त्याचा जास्त उपयोग. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, पिवळा असेल तर कमरेपर्यंतच.

जेलीफिशचा त्रास पश्चिमेकडे जास्त, तिथली जांभळट छोटी जात चांगलीच भाजते. लागलीच तर चोळायचं नाही आणि बाटलीतलं गोडं पाणी ओतायचं नाही. कातडीवर चिकटलेल्या न फुटलेल्या पेशी गोड्या पाण्याने फुटतात आणि आग वाढते. समुद्राच्याच पाण्याने धुवा, उरलेले धागे एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून काढा, मग बर्फ, पण पिशवीत गुंडाळून. श्वासाला त्रास किंवा अंगभर सूज वाटली तर ११२ फिरवा, पूर्ण युरोपात तोच नंबर.

मुगाची_खिचडी
आणि पाण्यातले बूट नाशिकमध्येच घ्या, एक नंबर मोठे नकोत, पायाला घट्ट. बेटावर तेच दुप्पट भावात मिळतात.